वाळूतले कंद

"काल दिवसभरात यांनी काय काय खाल्लं, ते सगळं आठवून सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाली.

"काल उपास होता," मी म्हटलं.

"म्हणजे काहीच खाल्लं नाही?"

"खाल्लं की! उपास होता म्हणूनच साबुदाण्याची खिचडी खाल्ली, रताळ्याच्या फोडी खाल्ल्या, केळं खाल्लं, वर दूध प्यायले."

लिहिता लिहिता तिचं पेन थांबलं. तिला वाटलं असणार, बाईचं इंग्रजी कच्चं आहे. ते कच्चं होतंच, पण घोटाळा इंग्रजीचा नव्हता. एकादशी अन् दुप्पट खाशी, हे त्या सोनेरी केसांच्या पोरीला मी कुठल्या भाषेत समजावणार? पडद्याआड माझा नवरा आतडी पिळवटून ओकत होता, आणि मी इथं साबुदाणा म्हणजे काय ते सांगत बसले होते. माझं डोकं फिरलं.

"ते राहू द्या हो बाई, आधी त्यांच्याकडं बघा!" मी मराठीतच ओरडले.

तिला शब्द कळले नाहीत, सूर कळला. तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

"खिचडी आणखी कुणी खाल्ली?"

"मी. डबा भरून कामावर नेली होती. मला काही झालं नाही."

"आणि रताळी?"

"ती फक्त ह्यांनी. माझ्या सासूबाईंनी केली होती. त्यांचा शिवरात्रीचा उपास कडक असतो, नुसत्या दुधावर."

"रताळ्यानं असं होत नाही," ती म्हणाली. "दाणे खराब असतील. कुणाला बाधतं, कुणाला नाही. सलाईन लावलंय, एकदोन दिवसांत उतार पडेल."

"वाचतील ना?"

"वाचतील की," असं म्हणून ती हसलीसुद्धा. मी तिच्यावर विश्वास ठेवला.

या गोष्टीला पस्तीसेक वर्षं झाली. स्कॉटलंडच्या उत्तरेला, समुद्रकाठच्या एका गावात आम्ही राहत होतो. आमचे हे, म्हणजे वासुदेव पेडणेकर, तिथं बोटींच्या इंजिनांचे फिटर. मी माशांच्या कारखान्यात पॅकिंगला. मी मूळची बार्शीची. मासा म्हणजे काय ते लग्नानंतर बघितलेली बाई, आणि पोटासाठी दिवसभर मासे भरायची. सासूबाई यावरून मला हसायच्या.

मूलबाळ झालं नाही. ह्यांनी तो जीव झाडांना लावला. झाडं तरी कसली, तर जी त्या थंडीत जगायचीच नाहीत अशी. केळ, कर्दळ, आळू. घराच्या पाठीमागं ह्यांनी स्वतः काचेची खोली बांधली होती आणि तिथं घासलेटचा हीटर ठेवलेला असायचा. ऑक्टोबरात पहिलं हिव पडलं, पानं काळी पडली, की ह्यांची धावपळ सुरू. केळीची पानं छाटायची, बुंध्याला पेंढा बांधायचा, वरून गोणपाट, त्यावर माझी जुनी रजई. कर्दळीचे कंद उपटून, माती झटकून, लाकडी पेट्यांत वाळू भरून त्यात पुरून ठेवायचे. वाळू ओली नको आणि अगदी कोरडीही नको. मला एकदा दया आली म्हणून मी पेटीत तांब्याभर पाणी ओतलं, तर घर डोक्यावर घेतलं होतं ह्यांनी.

"झोपलेल्याला पाणी पाजतात का, कौसल्या? कुजतील ना ते!"

"मग मला कशाला उठवता रोज पहाटे चहा पाजायला?" मी म्हटलं. मी तोंडाची फटकळ, गप्प बसणं मला कधी जमलं नाही. हे हसले आणि पुन्हा वाळू चाळायला लागले.

त्यातली एक पेटी ह्यांच्या खास जिवाची. कळलावीची. कोकणात ती म्हणे वईवर, म्हणजे कुंपणावर, आपोआप उगवते, भाद्रपदात लाल-पिवळी फुलते, आणि लोक गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटवीला बांधतात. आमच्या ह्यांनी ती हॉलंडच्या एका दुकानातून टपालानं मागवली. सावंतवाडीच्या माणसानं कळलावी हॉलंडातून आणायची, यावर मी आठवडाभर हसत होते. दोन कंदांपासून सुरुवात केली, वाढवत वाढवत पेटी भरली. ऑगस्टात त्या काचेच्या खोलीत फुलं आली, की हे हातातलं काम टाकून बघत बसायचे.

त्या वर्षी सासरे वारले, आणि हे जाऊन आईला घेऊन आले. आले ते ऑक्टोबरच्या शेवटी. फुलं संपलेली, कंद वाळूत गेलेले.

"आयेला कळलावीचं बोलू नकोस," हे मला म्हणाले. "पुढच्या गणपतीला एकदम दाखवतो. बघ कशी रडते ती."

सासूबाई आल्या त्याच दिवशी हे केळीला बांधत होते. त्या दोन स्वेटर, वर ह्यांचा कोट घालून दारात उभ्या.

"केळीक गोधडी!" त्या म्हणाल्या. "आवशीक नाय पांघरलंस रे कधी इतक्या मायेन."

"ये, तुला पण पेंढ्यात बांधतो," हे म्हणाले. मायलेकरं किती तरी वेळ हसत होती. खरं सांगते, मला हेवा वाटला. माझ्याशी ह्यांचं असं हसणं कधी झालं नव्हतं.

सासूबाई वाईट नव्हत्या. खाष्ट होत्या, पण तशी मीही काही गाय नव्हते. हिवाळा त्यांनी हीटरसमोर बसून काढला. तीन वाजता अंधार पडला की म्हणायच्या, "मेल्यांनी सूर्य पण रेशनवर ठेवल्यानी." दिवसभर घरात त्या एकट्या, बोलायला कुणी नाही. लेक घरी आला की त्याला काय खायला घालू आणि काय नको असं व्हायचं त्यांना. शिवरात्र आली तसा त्यांनी घोषा लावला, की शिवरात्रीक कंदमूळ नाय, तर कसलो उपास तो? आमच्या गावात बटाट्याशिवाय काही मिळायचं नाही. रताळी हवीत तर दोन तास गाडीनं शहरात जायला हवं. मी म्हटलं, बटाटा पण कंदच आहे. त्यांनी नाक मुरडलं.

शिवरात्रीच्या दिवशी मी पहाटे खिचडी करून कामाला गेले. हे दुपारी जेवायला घरी येत. मी संध्याकाळी आले, तर सासूबाई खुशीत. "झिलाक रताळ्यासारख्यो गोड फोडी करून घातलंय," म्हणाल्या. मला वाटलं, ह्यांनी येताना कुठून तरी रताळी पैदा केली असतील. आईसाठी हा माणूस काहीही करेल. मी पाय धुवायला गेले. तासाभरात ह्यांच्या पोटात मुरडा आला.

तर, दवाखान्यात. दुसऱ्या दिवशी दुपारी ओकाऱ्या थांबल्या. चेहरा उतरलेला, डोळे खोल गेलेले, पण बोलत होते. मी चमच्यानं पाणी पाजत होते. मनातून खूप हलकं वाटत होतं आणि हलकं वाटलं की माझी जीभ सुटते.

"माझ्या खिचडीवर आळ आलाय," मी म्हटलं. "डॉक्टरीण म्हणते दाणे खराब. माझे दाणे खराब! तुमच्या त्या रताळ्यांना कुणी काही बोललं नाही. कुठून आणलीत ती?"

"कुठली?"

"रताळी. आईंनी फोडी केल्या त्या."

"मी कुठं आणली? तूच आणलीस ना?"

"मी? मला कधी सवड होती?"

हे माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, पुन्हा उलटी येतेय म्हणून मी भांडं पुढं केलं. ह्यांनी ते हातानं बाजूला सारलं.

"कडवट होत्या," हे म्हणाले. "मला वाटलं गूळ करपला. आये समोर बसली होती, मी 'आणखी दे' म्हटलं." मग म्हणाले, "कौसल्या, घरी जा. काचेच्या खोलीतली खालची पेटी बघ. आयेला काही विचारू नकोस. नुसती बघ."

मी बसनं घरी गेले. सासूबाई हीटरजवळ जप करत होत्या. मी सरळ मागं गेले. खालच्या पेटीतली वाळू नीट सपाट केलेली होती, वरून हात फिरवल्यासारखी. मी दोन्ही हात कोपरापर्यंत घातले. आत नुसती वाळू होती.

सासूबाई मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"कणगी बघतंस?" त्या म्हणाल्या. कणगी म्हणजे त्यांच्याकडचे रताळ्यासारखे लांबुडके कंद, उपासाला चालतात. "बरी जपून ठेवल्यान हा माझ्या झिलान, रेवेत. आमच्याकडे राखेत ठेवतत. माका बोलाक नाय मेलो, मीच सोधून काढलंय. थोडीच होती, सगळी घातलंय. बरो आसा मां तो? कधी येतलो घरा?"

"बरे आहेत," मी म्हटलं.

"मगे तुझा तोंड असा कित्याक?"

"दमलेय," मी म्हटलं. तेव्हा मला अजून पुरतं कळलंही नव्हतं. आमच्या बार्शीकडं कुठली कळलावी? फुलाचा कंद पोटात गेला, पोट बिघडलं, एवढंच मी समजत होते.

दवाखान्यात परतले तर हे भिंतीकडं तोंड करून पडले होते. मी म्हटलं, पेटी रिकामी आहे. मग हळूहळू सांगितलं.

"ते विष आहे, कौसल्या. आमच्याकडं पोरंसुद्धा हात लावत नाहीत. आयेनंच मला शिकवलंय, लहानपणी, वईकडं बोट दाखवून."

"मग त्यांना कसं कळलं नाही?"

"कसं कळणार? कंद मुळात जोडीनं असतो, नांगरासारखा वाकडा. तसा बघितला असता तर तिनं लगेच ओळखला असता. मी ऑक्टोबरात सगळे जोड मोडून एकेक सुटा केला. जास्त झाडं होतात तसं केलं की." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आणि ती पोरगी मला बरं वाटेल म्हणते ना, ते खरं नाही. यात मधे असं बरं वाटतं."

मी धावत जाऊन डॉक्टरीणबाईला गाठलं. नाव लिहून दिलं, ह्यांनी पेटीवर इंग्रजीत लिहिलेलं मला पाठ होतं. ती कुठं कुठं फोन करत राहिली. मग आली आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. तोवर ती कधी बसली नव्हती. मला तिथंच कळून चुकलं.

"यावर उतारा नाही," ती म्हणाली. "आम्ही एकेक अवयव सांभाळत राहू. माणसं कधी कधी निभावतात."

मी त्या 'कधी कधी'ला धरून बसले. काय काय नवस बोलले, ते आता सांगायला लाज वाटते. मूत्रपिंडं गेली, मग श्वास जड झाला. शुद्ध मात्र शाबूत होती, हे सगळ्यात वाईट. सासूबाईंना मी भेटायला आणलं. त्या ह्यांच्या कपाळावर अंगारा लावून, पायाशी बसून राहिल्या. हे त्यांच्याशी हसून बोलले. "आये, गणपतीपर्यंत थांब हां, जायची घाई करू नकोस," म्हणाले. त्या पाणी आणायला बाहेर गेल्या तसं ह्यांनी माझं मनगट पकडलं.

"तिला सांगू नकोस."

"अहो, तुम्ही बरे व्हाल..."

"बरा झालो तर मीच हसत हसत सांगेन. नाही झालो तर कधीच नाही. कुणालाच नाही. गावात एकाला कळलं तरी तिच्यापर्यंत जाईल. ती जीव देईल, कौसल्या."

"आणि विचारलं तर काय सांगू? कशानं झालं म्हणून सांगू?"

ह्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. त्या माणसानं आयुष्यात माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. साधी साडीसुद्धा कुठली नेस म्हणून सांगितलं नाही कधी. मला राग आला, हो, मरणाऱ्या माणसाचा राग आला. आईचं सगळं ह्यांना दिसत होतं, आणि माझं? पण मी "बरं" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे गेले.

तिथं असं मरण आलं की पोलीस चौकशीला येतात. एक वयस्क पोलीस घरी आला, टोपी काढून मांडीवर ठेवून बसला. सासूबाई समोरच्या खुर्चीत, डोळे सुजलेले. त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. दुभाषी मीच.

"यांना विचारा," तो म्हणाला, "ते कंद त्यांनी कुठून घेतले?"

मी सासूबाईंकडं वळले. "आई, पोलीस विचारतायत, ह्यांचा जन्म कुठला?"

"हुमरसचो," त्या म्हणाल्या आणि त्यांना हुंदका आला. "आषाढात झालो. इतको पाऊस, की सुईणीक होडयेतसून आणलेली. झालो तो रडाकच नाय. मी म्हटलंय, गेलो. मगे एकदम रडलो..."

त्या बोलत राहिल्या, हातवारे करून. संपल्यावर पोलिसानं माझ्याकडं बघितलं.

"त्या म्हणतात," मी इंग्रजीत सांगितलं, "मागच्या खोलीतल्या पेटीतून घेतले. त्यांच्या गावाकडं असे कंद खातात. शिजवून मुलाला वाढले."

असे पाच-सात प्रश्न झाले. त्याला मी सगळं खरं सांगितलं, एक शब्द लपवला नाही. तिच्या समोर बसून, तिच्या हातून तिचा लेक कसा गेला ते मी परक्या माणसाला सांगत होते, आणि ती पदरानं डोळे पुसत मान हलवत होती. मी आवाज हलू दिला नाही.

जाताना पोलीस सासूबाईंसमोर वाकला. "त्यांना सांगा, यात त्यांचा काही दोष नाही."

"म्हणतायत, तुमचा मुलगा फार भला माणूस होता," मी म्हटलं.

"होतो तर," त्या म्हणाल्या.

दिवसकार्याला शहरातून नेरूरकर पतिपत्नी आली, आणखी दोन-तीन मराठी घरं आली. ताटं वाढायच्या आधी सासूबाईंनी सगळ्यांसमोर मला विचारलं. वाट बघत होत्या असं वाटलं.

"डागतर काय बोललो? कशान गेलो माझो झिल?"

"खाण्यातून विषबाधा झाली, आई."

"कसल्या खाण्यातून?"

बायका माझ्याकडं बघत होत्या. नेरूरकर वहिनींच्या हातात वरणाचं पातेलं होतं.

"खिचडीतून," मी म्हटलं. "दाणे जुने होते. वास येत होता जरा. मला वाटलं, चालेल."

त्या उठल्या आणि माझ्या तोंडात मारली. म्हातारं हाड, पण गाल पेटला.

"वास येत होतो, आणि घातलंस? स्वतः जगलंस, आणि माझ्या झिलाक खाल्लंस?"

एरवी मी कुणाचं अरेतुरे ऐकून घेतलं नसतं. जिभेवर सगळं आलं होतं. एक वाक्य बोलले असते तर त्या खोलीतली एकूण एक नजर माझ्यावरून उठून तिच्यावर गेली असती. मी ताटं वाढायला घेतली. त्या माझ्या हातचं जेवल्या नाहीत. पुढं निघेपर्यंत पाणीसुद्धा नळाचं स्वतः घेऊन प्यायल्या. पाहुण्यांपैकी कुणी माझ्याकडं नीट बघितलं नाही, नेरूरकर वहिनींचा फोन पुन्हा कधी आला नाही. सासरच्या गावात मी आजतागायत पाऊल ठेवलेलं नाही. तिथं मी नवऱ्याला शिळं घालून मारणारी. दीर एकदा कुणाजवळ म्हणाला म्हणे, की तिला त्याचं घर हवं होतं. हवं होतं ते घर! मी ते पुढच्याच वर्षी सोडलं. मार्चात, एप्रिलात मला मागच्या अंगणात जाववेना. केळीचं गोणपाट कुणी सोडलं नाही, ती आत बांधल्या जागीच कुजली.

नेरूरकर गावी निघाले होते, त्यांच्यासोबत सासूबाईंना धाडायचं ठरलं. विमानतळापर्यंत मी गेले. पूर्ण रस्ता त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. नेरूरकर सामान घेऊन पुढं झाले, तशा त्या थांबल्या. वळून माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, पुन्हा मारतायत.

"एक सांग," त्या म्हणाल्या. "खरा सांग. हॉस्पिटलात तो माझ्या फोडींचा काय बोललो? आवाडल्यो तेका?"

"हो," मी म्हटलं. "म्हणाले, लहानपणी खायचो तशाच झाल्या होत्या."

"सगळ्यो खाल्ल्यान. माझ्याकडे परत मागून खाल्ल्यान."

"हो, आई. मला म्हणाले."

त्यांनी मान हलवली. कोटाच्या बाहीनं नाक पुसलं. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा जरा निवलेला दिसला.

"बरा झाला," त्या म्हणाल्या. "तेवढा तरी माझ्या हातसून झाला."